फलाट उतारूंचा, गाठ आपली

करावे गावातून सकाळी सीवूड्स स्थानकाकडे निघालेला शिंपी किंवा कापडाचा किरकोळ दुकानदार दुपारी परतताना पाहावा. त्याच्या खांद्यावर गठ्ठा असतो. मंगळदास मार्केटमधून घेतलेले अस्तर, लेस, पॉपलिन किंवा सुटाचे कापड त्याने मस्जिद स्थानकावर लोकलच्या मालडब्यात चढविलेले असते आणि हार्बर मार्गाने तो ते घरी आणतो. या प्रवासात त्याला सहसा कोणी अडवीत नाही, पण त्याच्यासाठी कोणी थांबतही नाही. लोकल स्थानकात उभी राहते ती जेमतेम वीस-तीस सेकंद. तेवढ्यात गठ्ठा उतरला तर उतरला, नाही तर बेलापूर किंवा पनवेलपर्यंत जाऊन परत यायचे.

हे दृश्य आपण रोज पाहतो, म्हणून त्यातील धडा आपल्या ध्यानात येत नाही. रेल्वेचा फलाट हा उतारूंसाठी बांधलेला आहे. माल तेथे पाहुणा आहे. उतारूंचा वेळ, उतारूंची जागा आणि उतारूंची सुरक्षितता यांतून जे उरेल तेवढेच मालाच्या वाट्याला येते. लोकलच्या मालडब्यातील गठ्ठ्याला हे लागू आहे, तसेच मेल-एक्सप्रेसच्या ब्रेकव्हॅनमधून जाणाऱ्या पार्सलच्या गाठींनाही लागू आहे. जो व्यापारी ही गोष्ट धरून आपला हिशेब मांडतो त्याला रेल्वेइतकी उपयोगी वाहतूक दुसरी नाही. जो विसरतो तो केव्हा ना केव्हा नुकसान सोसतो. मी स्वतः सोसलेले आहे. ते पुढे सांगतो.

मालाचे तीन प्रकार

प्रथम शब्द नीट समजून घेऊ, कारण आपले बरेच बंधू लगेज, पार्सल आणि गुड्स हे तिन्ही एकच समजतात.

लगेज म्हणजे उतारूबरोबर जाणारा माल. तो हाताशी ठेवता येतो किंवा वजन जास्त असल्यास बुक करून त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येतो. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपर वर्गाच्या तिकिटावर 40 किलो आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर 35 किलो सामान मोफत नेता येते. त्यावरील वजनाचे पैसे भरावे लागतात. लोकलमध्ये रोज माल नेणाऱ्यांसाठी लगेजचा मासिक पास असतो. तो न काढता रोज नशिबावर हवाला ठेवणे हा धंदा नव्हे.

पार्सल म्हणजे उतारूशिवाय, पण उतारूंच्या गाडीने जाणारा माल. तो पार्सल ऑफिसात वजन करून, भाडे भरून, पावती घेऊन दिला जातो. या पावतीला आपण बाजारात बिल्टी म्हणतो.

गुड्स म्हणजे मालगाडीने जाणारा माल. त्याची जागा फलाट नव्हे, मालधक्का. पूर्वी सुटा माल, म्हणजे दहा-वीस गाठी, मालधक्क्यावरून मालगाडीने पाठविता येई. 1980 च्या दशकात रेल्वेने सुट्या मालाचे बुकिंग टप्प्याटप्प्याने कमी केले आणि पूर्ण गाडी भरून जाणाऱ्या कोळसा, सिमेंट, धान्य, खत, लोखंड अशा मालावर भर दिला. झाकलेल्या वाघिणींची एक पूर्ण गाडी म्हणजे सुमारे 2500 टन माल. आपल्यापैकी कोणाकडे एका वेळी एवढे कापड आहे? म्हणून लहान व्यापाऱ्याला रेल्वेचा मालधक्का जवळजवळ बंद झाला आणि त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या. एक ट्रकची, दुसरी फलाटावरील पार्सलची.

मालधक्का आणि फलाट यांतील फरक नुसता नावाचा नाही. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो. मालधक्का 1065 मिलिमीटरपर्यंत उंच बांधता येतो. गाडीच्या डब्याची फरशी रुळापासून साधारण सव्वा मीटरवर असते. म्हणजे मालधक्क्यावरून हमालाला गाठ जवळजवळ सरकवता येते, तर फलाटावरून तीच गाठ चाळीस सेंटिमीटरहून अधिक उचलून आत टाकावी लागते. लहान स्थानकांवर फलाट याहूनही खाली असतो. तेथे तर गाठ छातीपर्यंत उचलावी लागते. 40 किलोच्या शंभर गाठी अशा चढविणाऱ्या हमालाच्या कमरेचा विचार केला म्हणजे फलाट मालासाठी बांधलेला नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

एक फलाट, दोन मालक

ही अडचण आजची नाही. आपल्या मुंबईचा हार्बर मार्ग नावाप्रमाणे बंदराच्या बाजूने गेला. 12 डिसेंबर 1910 रोजी कुर्ला ते रे रोड हा त्याचा पहिला भाग सुरू झाला. बंदराच्या गोद्यांतील माल आणि गोदी कामगार एकाच पट्ट्यात ये-जा करीत. पुढे पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे बांधली. तिच्या बॅलार्ड पिअर येथील स्थानकात बोटीतून उतरलेला विलायतचा उतारू फ्रंटियर मेलमध्ये बसत असे. मालासाठी घातलेल्या रुळांवर उतारू पाहुणा, असा तो उलटा प्रकार होता. ते स्थानक 1944 नंतर चालले नाही.

खाडीच्या अलीकडे, आपल्या नवी मुंबईत, गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडली. मानखुर्द ते वाशी हा मार्ग 1992 मध्ये, पुढे बेलापूरपर्यंतचा 1993 मध्ये आणि पनवेलपर्यंतचा 1998 मध्ये सुरू झाला. खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने आणि 33 टक्के रेल्वेने उचलला. हा मार्ग शहर वसविण्यासाठी, म्हणजे माणसे आणण्यासाठी होता. म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूरची स्थानके भव्य आहेत, वर कचेऱ्या आणि दुकाने आहेत. सीवूड्सला तर स्थानकावरच मोठा मॉल उभा राहिला आहे. पण त्या मॉलला लागणारा माल ट्रकने येतो. खालच्या फलाटावरून येतो तो आपला खांद्यावरचा गठ्ठा.

बंदराचा माल दुसऱ्या वाटेने गेला. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर मे 1989 मध्ये सुरू झाले आणि पनवेल-जासई बाजूने कंटेनरच्या गाड्या धावू लागल्या. रोज हजारो टन माल ज्या प्रदेशातून रेल्वेने जात होता त्या प्रदेशातील माणसाला लोकल मिळायला पुष्कळ वर्षे लागली. नेरूळ-बेलापूर ते खारकोपर ही लोकल नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली आणि उरणपर्यंत ती पोहोचली 12 जानेवारी 2024 रोजी. आधी मालाची गाडी, मग माणसाची. आपल्या सीवूड्स बाजूला मात्र माणसाची गाडी आली आणि मालाला वेगळी सोय कधी मिळालीच नाही.

दोन्हींना स्वतंत्र रूळ हवेत हे रेल्वेनेही मान्य केले आहे. न्हावा शेवा ते दिल्लीजवळील दादरी असा सुमारे 1500 किलोमीटरचा फक्त मालगाड्यांचा मार्ग आखला गेला तो याचसाठी. परंतु तो कंटेनरसाठी व पूर्ण गाडीच्या मालासाठी आहे. दहा गाठींच्या व्यापाऱ्याचा फलाट त्यामुळे बदलत नाही.

मिनिटांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब करू.

मेल-एक्सप्रेसला गार्डच्या डब्यात मालाचा कप्पा असतो. त्यात साधारण चार टन माल मावतो. गाठ 40 किलोची धरली तर चार टन म्हणजे शंभर गाठी. दार एक, हमाल दोन, आणि एक गाठ आत जाऊन नीट रचली जाण्यास सहा सेकंद धरू. हा वेग फार चांगला आहे, दमलेला हमाल तो टिकवू शकत नाही. तरीही शंभर गाठींना सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटे लागतात.

गाडीचा थांबा पाच मिनिटांचा असेल तर पन्नास गाठी जातील. दोन मिनिटांचा असेल तर वीस. त्यातही आधी त्या स्थानकाच्या गाठी उतरवायच्या असतात. दहा गाठी उतरविण्यात एक मिनिट गेले, तर चढविण्यास एकच मिनिट उरते. गाडी उशिरा धावत असेल तर थांबा आणखी आखडतो, कारण आतील हजार-दीड हजार उतारू घड्याळाकडे पाहत असतात. दहा गाठींसाठी गाडी थांबवा असे म्हणणारा व्यापारी स्वतः त्या गाडीत बसला असता तर काय म्हणाला असता, हे त्याने आपल्या मनाला विचारावे.

यावरून तीन नियम निघतात.

पहिला, शक्य असेल तेव्हा माल गाडी जेथून सुटते त्या स्थानकावरून बुक करावा. तेथे गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी फलाटाला लागते.

दुसरा, जेथे गाडी संपते किंवा बराच वेळ थांबते तेथपर्यंत माल पाठवावा, आणि तेथून पुढे टेम्पो करावा. गिऱ्हाइकाच्या गावाला लहान स्थानक आहे म्हणून बिल्टी त्याच गावाची करण्याचा मोह टाळावा. टेम्पोचे भाडे खर्च वाटते, पण चुकलेल्या गाठीपेक्षा ते स्वस्त असते.

तिसरा, माल जास्त असेल तर अनेक व्यापाऱ्यांनी मिळून पूर्ण पार्सल व्हॅन घ्यावी. मोठ्या व्हॅनमध्ये 23 टनांपर्यंत माल बसतो. ती भरण्यासाठी आणि रिकामी करण्यासाठी वेगळा वेळ मिळतो, म्हणून दोन मिनिटांच्या धावपळीशी तिचा संबंध राहत नाही.

हा हिशेब खरा आहे याचा पडताळा 2020 मध्ये मिळाला. त्या वर्षी मार्चमध्ये उतारूंच्या गाड्या बंद झाल्या आणि फलाट ओस पडले. तेव्हा रेल्वेने वेळापत्रक लावून पार्सलच्या खास गाड्या सोडल्या. 7 ऑगस्ट 2020 रोजी नाशिकजवळील देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे पहिली किसान रेल निघाली. त्याच वर्षी 28 डिसेंबरला शंभरावी किसान रेल सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याहून बंगालमधील शालीमारला गेली. वाटेतील स्थानकांवर शेतकऱ्याला थोडा मालही चढविता येत होता. गाड्या त्याच, रूळ तेच. फरक एवढाच की फलाटावरचा वेळ मालाला मिळाला. उतारू परतले तसा तो वेळही परत गेला, आणि ते योग्यच होते.

माझी चूक

1994 सालची गोष्ट आहे. मी तेव्हा पंचविशीच्या आत होतो आणि वडिलांच्या हाताखाली काम करीत होतो. एका आडगावच्या किरकोळ दुकानदाराने ईदसाठी सहा गाठी मागविल्या. त्यात लहान मुलांचे कुर्त्याचे कापड, साड्या आणि ओढण्या होत्या. माणूस गरीब, पण व्यवहाराला पक्का. अर्धे पैसे त्याने कोणाकडून तरी उसने घेऊन पाठविले होते, उरलेले ईद झाल्यावर देणार होता.

गाठी बांधल्या मी. त्यांवर नाव-गाव घातले तेही मी. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. ब्रश हातात घेतला की हात आपोआप उर्दूच लिहीत असे. अक्षर माझे चांगले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. सहाही गाठींवर मी सुरेख उर्दूत गिऱ्हाइकाचे नाव व गाव लिहिले. पार्सल ऑफिसातील बाबूने आपला नंबर व खूण घातली, पण ती एकाच बाजूला आणि खडूसारखी फिकट.

गिऱ्हाइकाच्या स्थानकावर गाडीचा थांबा थोडा. रात्रीची वेळ, दिवा मंद. तेथील हमालाने खुणा पाहून चार गाठी उतरविल्या. दोन गाठींची नंबरची बाजू खाली दबली होती. वर दिसत होते ते माझे सुंदर उर्दू अक्षर, आणि ते तेथे कोणालाही वाचता येत नव्हते. शिट्टी झाली, गाडी गेली. त्या दोन गाठी परराज्यात शेवटच्या स्थानकापर्यंत गेल्या, तेथे पडून राहिल्या आणि पत्रव्यवहार होऊन परत आल्या तेव्हा ईद होऊन सहा दिवस झाले होते.

मुलांचे कापड नेमके त्याच दोन गाठींत होते. त्या गावातल्या लोकांनी ईदची खरेदी तालुक्याला जाऊन केली. गिऱ्हाइकाने आम्हांला एक वाकडा शब्द लिहिला नाही. पुढच्या वर्षी त्याने दुकानात कापडाऐवजी किराणा ठेवल्याचे कळले. वडिलांनी त्या दोन गाठी परत घेतल्या, पूर्ण किंमत वजा केली. पण उसनवारीचे ओझे आणि गेलेला हंगाम आम्ही त्याला कोठून परत देणार?

मी रेल्वेला दोष देऊ शकलो नाही. दोन मिनिटांत अंधारात काम करणाऱ्या माणसाला वाचता येईल असे लिहिणे हे माझे काम होते. भाषा आपल्या घराची असते, पण गाठीवरचा पत्ता ती उतरविणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. त्या दिवसापासून आमच्या गाठींवर देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन लिपींत, चारही बाजूंना, बोटभर जाडीच्या अक्षरांत स्थानकाचे नाव असते. उर्दू मी हिशेबाच्या वहीत लिहितो.

गर्दीतील ओझे

आता थोडे दुसऱ्या बाजूने पाहू. फलाटावर आपण मालक असतो तसे कधी उतारूही असतो, आणि आपली आई-मुलेही असतात.

29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसामुळे माणसे कोंडली आणि चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. त्या स्थानकाला आता प्रभादेवी म्हणतात. अशा जिन्यावर, अशा गर्दीत, एखाद्याच्या डोक्यावर 40 किलोचा गठ्ठा असेल आणि तो घसरला तर काय होईल, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

27 ऑक्टोबर 2024 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली व अनेक जण जखमी झाले. त्यानंतर पश्चिम रेल्वेने उतारूंना जादा सामान न आणण्याचे आवाहन केले आणि पार्सलचे ढीग गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी फलाटावर रचून ठेवू नयेत अशी सूचना दिली. ज्या ठिकाणी पार्सल वाढले होते त्यांत वांद्रे टर्मिनसबरोबर वापी, वलसाड, उधना आणि सुरत यांची नावे होती. कापडाच्या धंद्यातील माणसाला ही नावे वाचून कळले असेल की बोट कोणाकडे होते. सुरत-उधन्याचा माल म्हणजे बहुतेक आपलाच माल.

सणाच्या दिवसांत आपला माल सर्वांत जास्त असतो आणि उतारूही त्याच दिवसांत सर्वांत जास्त असतात. म्हणून सणाचा माल सणाच्या आठवड्यात पाठविणे हा दुहेरी धोका आहे. एक तर निर्बंध लागून माल अडकतो. दुसरे म्हणजे आपल्या गाठींच्या ढिगामुळे कोणाची वाट अडते. ज्या रोजीने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो ती रोजी आपण पसंत करीत नाही. माल तीन आठवडे आधी हलवावा. गोदामाचे थोडे भाडे जाईल, पण झोप लागेल.

पाठविण्यापूर्वी आणि नंतर

आता कामाच्या गोष्टी क्रमाने सांगतो. कात्रण काढून गल्ल्याजवळ ठेवावे.

1. बांधणी. कापडाची गाठ आत प्लॅस्टिक आणि बाहेर किंतान घालून, सुताने शिवून, पट्टीने आवळावी. फलाटावर ती ओढली जाते, फेकली जाते, पावसात उभी राहते. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 98 प्रमाणे सदोष बांधणीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी रेल्वेवर सहसा येत नाही.

2. वजन. एक माणूस उचलू शकेल एवढीच गाठ करावी. 80 किलोच्या एका गाठीपेक्षा 40 किलोच्या दोन गाठी लवकर चढतात आणि कमी फाटतात.

3. खूण. पाठविणारा, घेणारा आणि पोहोचण्याचे स्थानक चारही बाजूंना लिहावे. एक चिठ्ठी गाठीच्या आतही टाकावी. बाहेरचे पुसले तर आतले बोलते.

4. किंमत. ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. बुक करताना किंमत जाहीर केली नाही तर कायद्याच्या कलम 103 खाली, 1990 च्या नियमांनी ठरविलेल्या मर्यादेतच भरपाई मिळते. ती मालासाठी किलोला 50 रुपये व लगेजसाठी किलोला 100 रुपये आहे. 40 किलोची गाठ हरवली तर 2000 रुपये. आत 25,000 रुपयांच्या साड्या असल्या तरी 2000 रुपयेच! जादा किमतीवर टक्केवारीने आकार भरून किंमत जाहीर केली तर मर्यादा वाढते.

5. जोखीम. काही मालाला रेल्वेच्या जोखमीचा आणि मालकाच्या जोखमीचा असे दोन दर असतात. अर्जात निवड केली नाही तर मालकाच्या जोखमीचा दर धरला जातो. मग रेल्वेचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो. म्हणून अर्ज स्वतः वाचावा, हमालाच्या किंवा दलालाच्या हाती कोरा देऊ नये.

6. ठेकेदार. ब्रेकव्हॅनमधील बरीच जागा रेल्वे ठेक्याने देते. आपण माल ठेकेदाराकडे दिला तर रेल्वेची पावती त्याच्या नावाची असते आणि आपल्या हाती त्याची पावती असते. नुकसान झाल्यास आपल्याला त्याच्याकडेच जावे लागते. तेव्हा दर थोडा कमी आहे एवढेच पाहू नये, माणूसही पाहावा.

7. कागद. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाची किंमत 50,000 रुपयांहून जास्त असेल तर ई-वे बिल लागते. रेल्वेने पाठविलेल्या मालाचे हे बिल ताबा घेताना दाखविल्याशिवाय माल मिळत नाही.

8. ताबा. माल पोहोचल्यावर ठरलेल्या वेळात न उचलल्यास वारफेज लागतो. शिवाय गाठ फलाटाजवळ पडून राहिली की भिजते, कुरतडली जाते. कायद्याप्रमाणे प्रवास संपल्यानंतर रेल्वेची सांभाळण्याची जबाबदारी सात दिवसांपुरती आहे. गाठ फाटलेली किंवा ओली दिसली तर सही करण्यापूर्वी ओपन डिलिव्हरी, म्हणजे उघडून मोजून ताबा, मागावी. सही करून घरी नेल्यावर केलेली तक्रार दुबळी असते.

9. दावा. माल हरवला किंवा कमी भरला तर माल सोपविल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत कलम 106 प्रमाणे लेखी नोटीस द्यावी. तोंडी तक्रार, ओळखीच्या बाबूला केलेली विनंती, यांचा उपयोग नाही. नोटिशीने काम झाले नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. त्याचे पीठ मुंबईत व नागपुरात आहे. तेथे जाण्यास माल सोपविल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. बिल्टी, बिजक आणि नोटिशीची पोच एकत्र जपून ठेवावी.

आणि आपला गठ्ठा

शेवटी पुन्हा करावे आणि सीवूड्सकडे येऊ. येथील शिंपी, जरीकाम करणारे, रेडिमेडवाले यांचा माल गाठीत मोजता येत नाही, तो गठ्ठ्यात मोजला जातो. त्यांच्यासाठी लोकलचा मालडबा हीच मालगाडी आहे. डबेवाले, भाजीवाले, मासळी विकणाऱ्या बाया यांचीही तीच. पण या डब्यातही हल्ली गर्दीच्या वेळी माल कमी आणि उतारू जास्त दिसतात. 2025 मध्ये मध्य रेल्वेने लोकलमधील एक मालकप्पा बदलून तेथे ज्येष्ठ नागरिकांसाठी आसने घालण्याचे काम माटुंग्याच्या कारखान्यात हाती घेतले. म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा मिळावी याला कोण विरोध करील? मात्र मालाची जागा कमी होताना मालवाल्याची बाजू मांडणारा कोणी हजर होता का, हा प्रश्न आपण आपल्या संघटनांना विचारला पाहिजे.

आपण काय मागावे? फार मोठे काही नको. मालडबा फलाटावर जेथे थांबतो ती जागा ठळक रंगवावी, म्हणजे गठ्ठा घेऊन धावावे लागणार नाही. तेथून जवळ उतरंड किंवा लिफ्ट असावी, म्हणजे जिन्यावर ओझे जाणार नाही. पार्सल ऑफिसला बाहेरून रस्ता असावा, म्हणजे हातगाडा उतारूंच्या रांगेतून जाणार नाही. यांत उतारूंचाही फायदा आहे, म्हणून ही मागणी उतारू संघटनांबरोबर मिळून करता येईल.

आणि आपण काय द्यावे? लगेजचा पास काढावा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात गठ्ठा घेऊन चढू नये. मस्जिदहून दुपारी एकच्या सुमाराची गाडी धरावी. गठ्ठा दारात ठेवू नये. वीस किलोवर माल असेल तर दोन माणसांनी जावे, एकाने आत राहून द्यावे आणि दुसऱ्याने खाली उतरून घ्यावे. वीस सेकंद तेवढ्याला पुरतात. एकट्याला ती पुरत नाहीत.